डेल्फ्टचा कापडवाला आणि दातांवरची साय

मराठीत आपण दाताला ‘कीड लागली’ असं म्हणतो. ही नुसती बोलण्याची लकब नाही. दातात खरोखरीची अळी शिरते आणि ती लाकडातल्या भुंग्यासारखा दात पोखरते, अशी समजूत बॅबिलोनच्या काळापासून होती. आपल्या आयुर्वेदात या रोगाला कृमिदंत असं नाव आहे आणि युरोपातही अठराव्या शतकापर्यंत लोक हेच मानत होते. दुखऱ्या दाढेला रिंगणीच्या बियांची धुरी द्यायची आणि ‘ही बघा पडली कीड’ म्हणून काहीतरी पांढरं वळवळणारं दाखवायचं, हा प्रकार आपल्याकडच्या बाजारांत जुन्या माणसांनी पाहिलेला आहे. अशा अळ्या भिंगाखाली ठेवून त्या नेमक्या कसल्या आहेत हे तपासणारा एक माणूस तीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये होऊन गेला. दातांवर खरोखर राहणारे जीव जगात सर्वांत आधी पाहिले तेही त्यानेच. तो डॉक्टर नव्हता आणि दंतवैद्यही नव्हता. तो कापडाचा व्यापारी होता.

अँटनी व्हॅन लेव्हेनहूक २४ ऑक्टोबर १६३२ रोजी डेल्फ्ट या गावी जन्मला. वडील टोपल्या विणण्याचा व्यवसाय करत, आईचं माहेर दारू गाळणाऱ्यांचं. त्याच्या जन्मानंतर काही दिवसांतच त्याच गावात योहानेस व्हर्मीर या मुलाचा बाप्तिस्मा झाला. तो पुढे जगप्रसिद्ध चित्रकार झाला. व्हर्मीर कर्जात बुडून वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची निरवानिरव करण्यासाठी गावाने लेव्हेनहूकलाच नेमलं होतं. दोघांची मैत्री होती की नाही यावर इतिहासकार वाद घालत बसले आहेत, आपण त्यात पडायला नको.

वडील लहानपणीच गेले. सोळाव्या वर्षी अँटनीला ॲमस्टरडॅमला एका कापड दुकानात उमेदवारीला ठेवलं. लॅटिन त्याला शिकायला मिळालं नाही आणि विद्यापीठाची पायरी तो चढला नाही. डच सोडून दुसरी भाषा त्याला आयुष्यभर आली नाही. त्या काळात ही गैरसोय किती मोठी होती याची कल्पना आपल्याला सहज यावी, कारण इंग्रजी येत नाही म्हणून मागे पडलेली हुशार मुलं आपणही पाहतो. १६५४ मध्ये तो डेल्फ्टला परतला, लग्न केलं आणि स्वतःचं दुकान थाटलं. पाच मुलं झाली. त्यांतली चार तान्हेपणीच गेली, मारिया नावाची एकच मुलगी जगली. १६६६ मध्ये बायकोही गेली. सतराव्या शतकातल्या युरोपात हे असाधारण नव्हतं, पण म्हणून त्या घरातलं दुःख कमी झालं असेल असं नाही. मुलांना नेणाऱ्या तापांना आणि हगवणींना कारण होणारे जीव ज्या वर्गातले, त्या वर्गातले पहिले जीव दहा वर्षांनी त्याच माणसाने पाहिले आणि त्या दोन गोष्टींचा संबंध मात्र त्याला कधी कळला नाही.

१६६० पासून त्याला नगरपालिकेच्या दालनाची व्यवस्था पाहण्याची नोकरी होती. पुढे जमीनमोजणीची परीक्षा तो पास झाला, आणि दारूच्या पिंपांचं माप तपासण्याचं कामही त्याच्याकडे आलं. म्हणजे मोजमाप हा त्याच्या रक्तातला विषय. कापडाचा पोत पाहायला, दर बोटाला किती धागे आहेत हे मोजायला व्यापारी लहान भिंग वापरत. तिथून त्याला भिंगांचा नाद लागला असावा. पण त्याने जी भिंगं केली ती वेगळीच होती. वाटाण्याहूनही लहान असा काचेचा मणी, तो पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पत्र्यांमध्ये बसवलेला, मागे एक टोकदार सुई आणि ती हलवायला स्क्रू. सगळं यंत्र तळहातात मावेल एवढं. ते थेट डोळ्याला लावून उजेडाकडे तोंड करून पाहायचं. आज शिल्लक असलेल्यांपैकी सर्वांत चांगलं भिंग सुमारे २७० पट मोठं दाखवतं. त्या वेळची दोन भिंगांची मोठी, डौलदार सूक्ष्मदर्शकं याच्या जवळपासही पोचत नव्हती. भिंग कसं करतो हे त्याने कोणाला सांगितलं नाही. आपल्याकडच्या काही वैद्यांसारखा तो या बाबतीत पक्का कंजूष होता.

१६७३ मध्ये डेल्फ्टचाच तरुण डॉक्टर रेनिए द ग्राफ याने लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याचं नाव कळवलं. स्त्रीबीजकोशातल्या ‘ग्राफियन फॉलिकल’मुळे वैद्यकाचे विद्यार्थी या डॉक्टरला ओळखतात. शिफारस केल्यावर काही महिन्यांतच, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो वारला, पण पत्रव्यवहार सुरू झाला होता. तो पन्नास वर्षं चालला. लेव्हेनहूक बोलीतल्या साध्या डचमध्ये लांबलचक पत्र लिहायचा, लंडनला त्याचं भाषांतर व्हायचं. त्यात एकाच पत्रात उवा, बुरशी, स्वतःचं रक्त आणि शेजाऱ्याशी झालेलं बोलणं असं काहीही सापडतं. १६७६ मध्ये मिरी तिखट का लागते हे पाहायला त्याने मिरी पाण्यात भिजत घातली. टोकदार कण दिसतील अशी अपेक्षा होती, दिसले ते असंख्य हलते जीव. लंडनच्या विद्वानांना हे पटेना. तिथे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा काहीच दिसलं नाही. याने गावातल्या धर्मोपदेशकांसह आठ प्रतिष्ठितांना भिंगातून दाखवून त्यांच्या लेखी साक्षी पाठवल्या. अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूकला ते जीव दिसले आणि वाद मिटला. १६८० मध्ये कापडवाला रॉयल सोसायटीचा सभासद झाला. सभेला तो कधी गेला नाही.

दातांकडे तो आधीपासून वळला होता. १६७८ मध्ये त्याने दाताच्या रचनेविषयी लिहिलं: वरून दगडासारखा दिसणारा दात आतून अतिशय बारीक नळ्यांचा बनलेला आहे. हे अगदी बरोबर होतं. वरच्या कठीण थराखाली, म्हणजे इनॅमलच्या खाली जो भाग असतो, त्यात अशा हजारो सूक्ष्म नळ्या आतल्या नसेपर्यंत जातात. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे ते झिजताना काहीच दुखत नाही. कीड या नळ्यांपर्यंत पोचली की मग गार पाण्याने झिणझिण्या येतात. रुग्ण डॉक्टरकडे येतो तो तेव्हा, म्हणजे अर्धं काम झाल्यावर.

मग आलं १७ सप्टेंबर १६८३ चं पत्र. त्या वेळी तो पन्नास वर्षांचा होता आणि त्याला आपल्या दातांचा अभिमान होता. रोज सकाळी तो मिठाने दात घासायचा, चूळ भरायचा, जेवणानंतर दाढांमधलं कोरून काढायचा आणि फडक्याने दात पुसायचा. त्या वयाच्या फार थोड्या लोकांचे दात इतके स्वच्छ असतात असं त्याचं मत होतं. असं असूनही भिंगातून पाहताना काही दातांच्या फटीत त्याला पांढरा, भिजवलेल्या पिठाइतका दाट थर दिसला. त्याने तो काढला. नुसत्या थुंकीत त्याला काही हलताना दिसलं नव्हतं. आता हा थर स्वच्छ पावसाच्या पाण्यात, मग थुंकीत कालवला आणि भिंगासमोर धरला. आत गर्दी होती. काही लांबट जीव पाण्यातून माशासारखे बाणाच्या वेगाने जात होते, काही भोवऱ्यासारखे गरगरत होते, काही इतके बारीक आणि इतके पुष्कळ, की चिलटांचा थवा एकत्र फिरतोय असं त्याला वाटलं. त्याने चित्रंही पाठवली. त्या चित्रांतले गोल, दांडीसारखे आणि मळसूत्री आकार आजही सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी ओळखतो. माणसाच्या शरीरातले जिवाणू कागदावर उतरले ते बहुधा या चित्रांतच पहिल्यांदा.

पुढे त्याने जे केलं ते मला त्या शोधाहूनही मोठं वाटतं. आपल्यापुरतं पाहून तो थांबला नाही. दोन स्त्रिया आणि आठेक वर्षांचं एक मूल यांच्या दातांमधला थर त्याने तपासला. मग त्याला एक साध्या राहणीचा म्हातारा भेटला. त्याच्या दातांवर जाड लेप चढलेला पाहून याने चौकशी केली, तेव्हा त्याने जन्मात कधी दात धुतले नव्हते असं कळलं. त्या लेपात जीव इतके आणि इतके चपळ, की पाणीच जिवंत झाल्यासारखं वाटावं. दुसरा म्हातारा रंगेल होता, सकाळी ब्रँडी, दुपारी वाइन आणि तंबाखू. इतक्या दारूत हे जीव तगतात का, अशी लेव्हेनहूकला उत्सुकता. हा गृहस्थही दात पाण्याने धूत नव्हता, रोज ब्रँडीने तोंड निघतंय असं त्याचं म्हणणं. त्याच्या थुंकीत विशेष काही नव्हतं, पुढच्या दातांवर थोडेच जीव होते, पण दाढांच्या फटीतल्या थरात ते जिवंत सापडले.

यानंतर त्याने स्वतःच्या तोंडावर एक प्रयोग केला. जहाल व्हिनेगर तोंडात घेतलं, दात मिटून ते फटींतून खेळवलं, मग पाण्याने चुळा भरल्या. नंतर दाढांमधला थर काढून पाहिला तर जीव जिवंत. मात्र थर बाहेर काढून त्यात व्हिनेगर मिसळलं की ते लगेच मरत. एकच विष, एकच जीव आणि दोन वेगळे परिणाम. त्याने त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की व्हिनेगर थराच्या बाहेरच्या बाजूचे जीव मारतं, पण थराच्या आतपर्यंत मुरत नाही.

या एका निष्कर्षाला आज एका स्वतंत्र शास्त्राचं रूप आलं आहे. दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचं एक अतिशय पातळ अस्तर दातावर चढतं. त्या अस्तराला धरू शकणारे जिवाणू आधी येऊन चिकटतात, मग त्यांना धरून दुसरे. ते स्वतःभोवती चिकट द्रव्य तयार करतात. दूध ठेवलं की साय धरते, तशी दातावर ही साय धरते, फक्त ही साय जिवंत असते. तिच्यात थरांवर थर, मध्ये पाणी खेळण्याच्या वाटा, आत प्राणवायू नको असलेले, बाहेर तो हवा असलेले, अशी वस्ती असते. शास्त्रज्ञ याला बायोफिल्म म्हणतात. माणसांच्या तोंडांत मिळून सुमारे सातशे जातींचे जिवाणू आढळले आहेत. एकटा पोहणारा जिवाणू औषधाने जितका सहज मरतो, तितका या वस्तीतला मरत नाही. लघवीच्या नळीवर, कृत्रिम सांध्यावर, हृदयात बसवलेल्या झडपेवर असा थर धरला की उत्तम प्रतिजैविकंही तोकडी पडतात, हे आमच्यासारख्यांना वॉर्डात रोज भोगावं लागतं. ब्रँडीने तोंड धुणारा तो डच म्हातारा आणि सकाळी नुसतं माउथवॉश खळखळवून ऑफिस गाठणारा तरुण यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. साय पुसावीच लागते. ब्रश हे घासण्याचं साधन आहे आणि घासणं हेच मुख्य काम आहे, पेस्ट त्याला मदत करते. दोन दातांच्या मधे ब्रशही पोचत नाही, तिथे धागा किंवा बारीक ब्रश लागतो. लेव्हेनहूकलाही मीठ न पोचलेल्या फटीतच सगळं सापडलं होतं. आपल्याकडे दात दुखायला लागला की मिश्री लावणाऱ्या बायका कमी नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, त्याने साय निघत नाही आणि तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

लेव्हेनहूकने जीव पाहिले, दात किडलेले पाहिले, पण एकाने दुसरं होतं असं त्याने म्हटलं नाही. त्याला ते आपल्या तोंडातले भाडेकरू वाटले. संख्येने मात्र डच प्रजासत्ताकाच्या लोकसंख्येहून जास्त. दोन टोकं जोडली जायला आणखी दोनशे वर्षं लागली. विलोबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत शिकला. काढलेले दात त्याने लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात, शरीराच्या तापमानाला ठेवले. दात मऊ पडले, त्यांतला चुना निघून गेला. लाळ आधी उकळून घेतली की तसं होत नसे. पावाऐवजी मांस ठेवलं तरी होत नसे. १८९० च्या सुमारास त्याने मांडणी केली: जिवाणू पीठ आणि साखर खातात, आम्ल तयार करतात आणि आम्ल दात विरघळवतं. पोखरणारी अळी नाहीच, आहे ती आंबवण्याची क्रिया. इडलीचं पीठ आंबतं तीच. हे आम्ल नेमकं दाताच्या अंगाला लागून का राहतं, लाळेने वाहून का जात नाही, या प्रश्नाला त्याच दशकात दुसऱ्या संशोधकांनी दातावरच्या चिकट थराकडे बोट दाखवलं. १९२४ मध्ये लंडनमध्ये किलियन क्लार्कने किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू वेगळा केला. ऊसाच्या साखरेपासून हा डिंकासारखं द्रव्य बनवतो, त्यामुळे साय आणखी घट्ट बसते. साखर खाल्ल्यावर काही मिनिटांतच त्या सायीखाली आम्लता वाढते, सामू साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम सुटू लागतं. लाळ अर्ध्यापाऊण तासात ते सावरते, कॅल्शियम परतही बसवते. पण मध्ये पुन्हा बिस्किट आलं, पुन्हा गोड चहा आला, की लाळेला वेळच मिळत नाही. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं ठरतं. झोपेत लाळ जवळजवळ आटते. बाळाला गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलं की वरचे पुढचे दात दोन-अडीच वर्षांतच काळे पडतात, त्याचं कारण हे. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने घासावं असं सांगतो तेही यासाठीच.

मी दंतवैद्य नाही, फिजिशियन आहे. तरीही संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेला रुग्ण आला की छातीला स्टेथोस्कोप लावण्याआधी मी त्याला तोंड उघडायला सांगतो. या सायीतले काही जिवाणू हिरड्यांतून रक्तात उतरतात आणि एरवी तिथेच संपतात. खराब किंवा कृत्रिम झडपेवर मात्र ते जाऊन बसू शकतात. मग आठवडेच्या आठवडे ताप, शिरेतून प्रतिजैविकं, कधी पुन्हा शस्त्रक्रिया, आणि काही जण हातचे जातात. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या अशा तरुण रुग्णांच्या दाढा बहुतेक वेळा ठणठणीत नसतात. कृत्रिम झडप असलेल्याने दात काढण्याआधी ते दंतवैद्याला सांगितलंच पाहिजे.

दातांचा विषय लेव्हेनहूकने सोडला नव्हता. १६९२ मध्ये त्याने पुन्हा स्वतःच्या दातांवरचं घेऊन पाहिलं तर जिवंत जीव दिसेनात. तो चक्रावला. मग त्याच्या लक्षात आलं की मधल्या काळात आपल्याला सकाळी कढत कॉफी प्यायची सवय लागली आहे, घाम फुटेल इतकी कढत. पुढच्या दातांवरचे जीव त्या उष्णतेने मरत असणार. त्याने मागच्या दाढांपाशी शोधलं, तिथे कॉफी फारशी लागत नव्हती आणि जीव पूर्वीसारखेच होते. आपलंच जुनं निरीक्षण चुकलं की काय, अशी शंका येताच फरक कशात पडला हे शोधायचं, ही सवय पदवीधरांतही दुर्मीळ असते.

१७०० च्या सुमारास, दातातून धुरी देऊन काढलेल्या म्हणून दाखवलेल्या अळ्या त्याच्या हाती आल्या. वय अडुसष्ट. त्याने त्या तपासल्या, ओळखल्या आणि सांगून टाकलं की या जुन्या चीजमध्ये माशी अंडी घालते त्या अळ्या आहेत. किडलेल्या दाढेच्या पोकळीत खाल्लेल्या चीजबरोबर त्या गेल्या असाव्यात. दात त्यांनी किडवला नव्हता.

तोवर डेल्फ्टच्या त्या घरी पाहुण्यांची रीघ लागली होती. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर कालव्यातून जाताना थांबला आणि त्याने याला आपल्या बोटीवर बोलावून घेतलं. याने ईलच्या शेपटीतलं वाहतं रक्त त्याला दाखवलं. पाचशेच्या आसपास भिंगं त्याने आयुष्यात घडवली. आज त्यातली जेमतेम डझनभर उरली आहेत. चांदीच्या २६ सूक्ष्मदर्शकांची एक पेटी त्याने रॉयल सोसायटीच्या नावे ठेवली होती, ती एकोणिसाव्या शतकात हरवली.

शेवटच्या आजारात छातीखालचा पडदा अधूनमधून फडफडे आणि श्वास कोंडे. हृदयाचं दुखणं आहे असं वैद्य म्हणत, याने ते मानलं नाही. दोष हृदयात नसून पडद्यात आहे असं ठरवून त्याने गुरांच्या पडद्याचा अभ्यास केला आणि स्वतःच्या लक्षणांचा वृत्तांत लंडनला कळवला. या दुर्मीळ विकाराला पुढे त्याचंच नाव दिलं गेलं. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वद वर्षांचा असताना तो वारला. मरणापूर्वी काही तास आधी त्याने मित्राला बोलावून घेतलं होतं. दोन पत्रं लिहून तयार होती, त्यांचं लॅटिन करून ती लंडनला पाठवायची होती.